नारिंगी पट्टीतली माणसं

बाथरूमच्या दाराखालची फट त्याने जुन्या टॉवेलने बुजवली, दिवा घालवला आणि अंधारात चाचपडत रोल डबीतून ओढून काढला. रंगीत रोल घरी धुवायची त्याची ही पहिलीच खेप. फिल्म रिळावर चढता चढेना. चढली एकदाची. रीळ फिल्म धुवायच्या डब्यात ठेवून, झाकण घट्ट बसवून त्याने दिवा लावला, तोवर बनियन घामाने भिजलं होतं.

औषधाच्या बाटल्या बादलीतल्या गरम पाण्यात उभ्या होत्या. पाणी तापलेल्या अंगाइतकंच हवं, म्हणून त्याने तापाचा थर्मामीटरच त्यात सोडला होता. जरा चुकलं की रंगांचा सत्यानाश. आणि घरच्या माणसांचा म्हणावा असा एकही फोटो त्याच्याकडे नव्हता. सगळी भिस्त ह्या रोलवर.

पहिलं औषध त्याने डब्यात ओतलं, तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या काकू.

"झाला का हो रोल धुऊन?"

"चाललंय, काकू." तो डबा हलवतच दारात आला. "मध्येच थांबता येत नाही."

"स्टुडिओत टाकायचा होता की. कसले उद्योग हे एकट्याने बसून."

"दुसऱ्याच्या हातात द्यायला नको वाटलं."

"बरं, असू दे. लोकर आणून ठेवलीय मी. पोरांची अंगं बघितली की सुया हातात घेते. वहिनींनाही बघायचंय एकदा. वर्षभर नुसतं ऐकतेय मेलं."

"संध्याकाळी आणतो."

"या. चहा टाकते."

त्या चहाच्या आशेवर तो दिवस ढकलायचा. गोदामात त्याच्याशी कुणी धड बोलत नसे. काकूंकडे मात्र कपावर कप व्हायचे, आणि मुलांच्या खोड्या ऐकताना काकू डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. आज रिकाम्या हाताने गेलो तर काय तोंड दाखवायचं, ह्या विचाराने त्याला कसंसंच झालं.

दुसरं औषध झालं, पाण्याने धुणं झालं. त्याने झाकण उघडलं. नारिंगी पट्टी बाहेर आली, आणि तिच्यावर माणसं होती. केस पांढरे, दात काळे, चेहरे ओळखू येतील तर शपथ. तो वेड्यासारखा एकटाच हसला.

पट्टी वाळल्यावर त्याने ती ट्यूबलाइटसमोर धरली, मोबाइलने फोटो काढला आणि रंग उलटे केले. चेहरे उजळले. झोक्यावर दोन मुलं, मागे हसणारी बाई, तिच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला एक मिशीवाला.

तो कितीतरी वेळ बघत राहिला. किती गोड माणसं होती. भंगारातून घेतलेल्या कॅमेऱ्यात कुणाच्या तरी राहून गेलेल्या रोलवर एवढं निघेल, असं त्याला वाटलंच नव्हतं. मग त्याने मिशीवाल्याला बोटाने कडेकडेला सरकवत फोटोबाहेर काढलं. त्याचा हात तेवढा बाईच्या खांद्यावर राहिला. तो हात आपला म्हणून काकूंकडे खपला असता.