उंचीचा काटा

"उघडा डोळे, बाबा!"

बाबांच्या जुन्या, एका इंजिनाच्या विमानातल्या काट्यांच्या तबकड्या गेल्या होत्या. त्यांच्या जागी मृण्मयीने सुट्टीभर राबून दोन चकचकीत स्क्रीन बसवले होते. वाढदिवसाची भेट म्हणून.

"अगं, तू तर टीव्हीचं दुकानच थाटलंस!" बाबा हसले. मग पायलटच्या सीटवर बसताच सवयीने त्यांची नजर उंचीच्या तबकडीच्या जागी गेली आणि तिथेच अडखळली.

"उंची आता थेट आकड्यात दिसते, अगदी फुटाफुटाने," ती म्हणाली.

बाबांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "आकडा वाचायला चष्मा लागतो, आणि चष्म्यातून समोरची धावपट्टी धूसर दिसते. काटा कसा, कुठे वळलाय एवढं अंधुक दिसलं तरी पुरायचं." ते खाली उतरले. "असू दे. यापुढे तूच उडव, मी शेजारी बसेन."

दुसरी भेट मागच्या सीटवर एका खोक्यात होती. उंचीच्या त्याच तबकडीतली यंत्रणा काढून टाकून मृण्मयीने त्या तबकडीचं भिंतीवरचं घड्याळ करून घेतलं होतं.

"त्या खोक्यात काय आहे गं?" बाबांनी विचारलं.

मृण्मयीला मान वर करवेना.