देवीला मराठी येत नाही

आक्काताईच्या अंगात यल्लम्मा आली आणि नेहमीप्रमाणे कन्नडात बोलू लागली. देवळात जमलेल्या गावानं माना डोलावल्या आणि आपल्याला त्यातलं काही कळत नसल्याचा चेहरा केला.

हा चेहरा करायचा गावाला चांगला सराव झाला होता. गेल्या साली बेळगाव भागात कन्नडसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले, तेव्हा भावकूनं याच देवळात सगळ्यांना भंडारा उचलायला लावला. कन्नड बोलायचं नाही, एवढ्यावर त्याचं भागलं नाही. कन्नड समजायचंही नाही, अशी शपथ त्यानं घातली. बैलहोंगलच्या बाजारात जन्मभर कन्नडात घासाघीस केलेला हा माणूस त्या दिवसापासून बोटांच्या खुणांनी बैल घेऊ लागला आणि दर वेळी फसू लागला. पण गावात त्याचं वजन वाढलं. लोक त्याला पुढारी म्हणू लागले.

कन्नड येण्याची मुभा आता दोघींनाच होती. एक भावकूची पोरगी अंजना. बेळगावच्या हायस्कुलात सरकारनंच तिला ते शिकवलं, त्याला ती बिचारी काय करणार? दुसरी यल्लम्मा. ती पडली सौंदत्तीची. "देवीला मराठी येत न्हाय," असं भावकूच्या थोरल्या बहिणीनं, आक्काताईनं, शपथेच्या दिवशीच ठणकावून सांगितलं होतं. शुद्धीवर असताना मात्र आक्काताईही शपथ कडक पाळायची.

आज प्रश्न अंजनाचा होता. बेळगावात नर्सिंगच्या ट्रेनिंगला तिची निवड झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. पण आक्काताईला ती आपल्या भरमूसाठी हवी होती. मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क. भरमू दिवसभर पारावर लोळायचा आणि जेवणाच्या वेळेला तेवढा उठायचा, पण हक्क तो हक्क. भावकूच्याही मनात तेच होतं. फक्त शिकलेल्या पोरीला नाही म्हणण्याचा वाईटपणा त्याला नको होता. "देवीला इचारू. ती म्हनंल ते शेवटचं," असं त्यानं चार लोकांसमोर जाहीर केलं. अंजनाला हो म्हणावंच लागलं.

आक्काताईच्या मनातलं यल्लम्माला फार नेमकं कळायचं. आक्काताईला लुगडं हवं असलं की देवी लुगडं मागायची. आक्काताईचं जावेशी बिनसलं की देवी जावेच्या हातचा नैवेद्य नाकारायची. आजही देवीनं घुमत घुमत स्वच्छ कन्नडात सांगितलं, पोरीला कुठं पाठवू नका. भरमूशी लग्न लावून द्या.

भावकूचा चेहरा उजळला. मग त्याला आठवलं, आपल्याला कन्नड कळत नाही.

"काय म्हनती आई?" यल्लाप्पानं विचारलं. भावकूच्या पुढारपणावर या यल्लाप्पाचा कधीपासून डोळा होता.

भावकूनं अंजनाला पुढं बोलावलं. "सांग बाळ. आईचा शब्द गावाला सांग." देवीपुढं पोर खोटं बोलेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

लहानपणापासून अंजना यल्लम्माला भीत आली होती. तिनं मूर्तीकडं पाहिलं. पितळी मुखवटा शांत होता. मग तिनं घुमणाऱ्या आत्याकडं पाहिलं. आत्या केसांच्या झिपऱ्यांतून एक डोळा उघडून तिच्याकडं बघत होती. अंजनाची भीती तिथंच गेली आणि तिला मनस्वी राग आला.

"आई म्हनती, पोरीला सोमवारी बेळगावला पाठवा."

देवी जागच्या जागी उडाली. "सुळ्ळ! सुळ्ळ!" ती किंचाळली. खोटं, खोटं!

"आता काय म्हनती?" यल्लाप्पानं विचारलं.

"उशीर करू नगा म्हनती."

बायकांत कुणाला तरी खोकल्याची उबळ आली. तिनं तोंडात पदर कोंबला.

भावकू चुळबुळला. नाव कुठल्याही भाषेत नावच असतं, तेवढं ऐकू आलं तर शपथ मोडत नव्हती. "पर तिनं आमच्या भरमूचं नाव घेटलं की गं!"

"घेटलं की, आप्पा. त्याला दुसरी बघा म्हनती."

"खोटं हाय ह्ये! आई तर म्हनाली..." भावकू ओरडला आणि थिजला.

"काय म्हनाली, भावकूआण्णा?" यल्लाप्पाच्या आवाजातून मध गळत होता. "तुला कळलं व्हय?"

सगळं गाव भावकूकडं बघू लागलं. देवीही घुमायची थांबून आशेनं त्याच्याकडं बघू लागली. एकीकडं थोरली सख्खी बहीण, एकीकडं मोठ्या कष्टानं जमवलेलं पुढारपण. भावकूनं उपरण्यानं कपाळ पुसलं.

"न्हाय बा," तो म्हणाला. "मला कुटलं कन्नड?"

हे ऐकताच देवीनं भावकूच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला. असल्या अस्सल, रसरशीत कन्नड शिव्या शपथेपासून गावाच्या कानी पडल्या नव्हत्या. म्हाताऱ्यांचे तर डोळे पाणावले.

"आणि आता गं?" यल्लाप्पानं विचारलं.

"आशीर्वाद देती," अंजना म्हणाली, आणि सगळं गाव वाकून पाया पडलं.