सुटला तर तलावाचा

लेफ्टनंट केवळराम कमरेएवढ्या पाण्यात उभा होता आणि त्याचे हात थरथरत होते. चैत्रातलं तलावाचं पाणी, त्यात थंडी कुठली?

तीन आठवड्यांपूर्वी मुंबईत नौदलाच्या क्रिकेट संघाकडून खेळताना त्याच्या हातून झेल सुटला होता. साधा, पोटाशी आलेला. सामना गेला. जहाजावर कोणी चकार शब्द काढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. तो रजा टाकून गावी आला, तर पुढच्या सामन्यासाठी बोलावणारी संघाच्या कप्तानाची तार मागोमाग चामोर्शीला हजर. उत्तर त्यानं सकाळीच कागदावर लिहून कुडत्याच्या खिशात ठेवलं होतं. ते कुडतं आता काठावर गोकुळाबाईच्या, म्हणजे मायच्या मांडीवर होतं.

"येवढ्या मोठ्या जहाजावरचा साहेब, अन् रोहूले भेते काऊन गा?" शेजारी उभा असलेला बाप, इस्तारी, म्हणाला.

पुढं गावचे ढिवर मोठं जाळं काठाकडं ओढत होते. जाळं आवळलं की रोहूसारखे मोठे मासे त्यावरून मागं उड्या घेतात. ते हवेतच धरायला इस्तारीच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या मागं उभे राहतात. हाती आला तर घरचा, सुटला तर तलावाचा. सुटलेल्याच्या मागं कोणी धावायचं नाही.

पहिला रोहू उडाला तो थेट केवळरामच्या छातीवर. त्यानं धरला, आणि तो निसटला. केवळरामनं डोळे मिटले. आता सगळे गप्प होणार, हे त्याला ठाऊक होतं.

"तलावाचाऽऽ!" सगळे एका सुरात ओरडले आणि पुन्हा जाळ्याला लागले.

दुसरा इस्तारीकडं गेला. इस्तारीच्या हातांचा लौकिक पार अहेरीपर्यंत होता. रोहूनं त्या हातांना शेपटी हाणली, म्हाताऱ्याच्या नाकावर पाणी उडवलं आणि बुडी मारली.

"तलावाचाऽऽ!" सगळ्यांत मोठा आवाज इस्तारीचाच होता.

"बा, तुह्याही हातून सुटते?"

"सुटते ना गा. दरसाल सुटते. सारेच धरले तं पुढल्या साली काय चिखल खाशीन?"

केवळराम हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि अगदी पोटातून. मग त्यानं काठाकडं हाक दिली, "माय, खिशातला कागद फाडून टाक!"

गोकुळाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ती कागदांना फार जपायची. "कामाचा असन ना बाबू. काय लिवलं हाये?"

"मी भेलो, असं लिवलं हाये."

तिनं कागदाचे चार तुकडे केले.

जाळं आवळत आलं. पाणी खळबळलं. केवळरामनं तळवे उघडले. ते अजून थरथरतच होते. तसाच तो बापाच्या एक पाऊल पुढं सरकला.