अर्धा किलो

माझ्या तेरा वर्षांच्या शाल्मलीचं बोट एअर पिस्तुलाचा चाप ओढताना थरथरायचं, म्हणून लिम कोचनी मायेनं चापाची स्प्रिंग सैल केली होती. तेव्हापासून पोरीचे नेम लागू लागले. आज तिची पहिली आंतरशालेय स्पर्धा. पुंगोलच्या घरून येताना एमआरटी मेट्रोतही नुसत्या बोटानं सराव चालला होता. स्पर्धेआधी पंच चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल उचलतात. चाप सुटता कामा नये. खट्! सुटला. “फारच हलका, चालणार नाही,” पंच म्हणाले. कोच ओशाळल्या. मी लेकीला जवळ घेतलं. “राहू दे पिल्लू, पुढच्या वर्षी खेळ.” ती माझ्या मिठीतून निसटली आणि इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, “नेव्हर माइंड लाह, कोच. मेक इट हेवी.” कोचनी स्प्रिंग आवळली, चापानं वजन पेललं. थरथरत्या बोटानं सोडलेला पहिला छर्रा नेमाच्या कागदाच्या पार कडेला लागला. माझ्याकडे वळूनही न बघता तिनं दुसरा भरला.