दोन ते तीनचा उजेड

करडा स्वेटर. बारीक कापलेले केस. खिडकीकडे वीतभर सरकलेली खुर्ची. एका रविवारी चष्मा, पुढच्या रविवारी नाही.

अकरा रविवार अनुप काही ना काही बदलून यायचा. त्याला समोर बसवून चित्र रंगवणारा गिरीश शिव्या देत कॅनव्हासवरचा मागच्या वेळचा रंग खरवडायचा.

टेबलावर एक पोस्टकार्ड टेकवलेलं होतं. सुरुवातीच्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांपैकी एकाने काढलेलं मित्राचं चित्र. ती मंडळी एकमेकांनाच समोर बसवायची. नियम एकच : दिसतं तेवढंच रंगवायचं, त्याच उजेडात. लंडनच्या विमानतळाजवळ, हाउन्सलोमधल्या गिरीशच्या खोलीत तो उजेड दुपारी दोन ते तीन यायचा. डोक्यावरून विमान गेलं की खिडकी थरथरायची, ब्रश थांबायचा. अनुप म्हणायचा, "होऊ दे रे सावकाश. मला कुठे घाई आहे?"

गिरीशला अपराधी वाटे. बिचारा आठवडाभर ऑफिसात राबतो आणि आपण त्याचा रविवारही खातो. अनुपच्या डोळ्यांखाली निळसर करडा रंग दिसायचा. खिडकीतल्या उजेडाचा असेल, असं समजून गिरीशने तो हुबेहूब उतरवला होता.

शेवटी एका शनिवारी त्याने नियम मोडला. समोर कोणी नसताना, आठवणीतून, चित्र पुरं केलं. आठवणीतला अनुप हसरा होता. डोळ्यांखालचा करडा त्याने पुसून टाकला. फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, सुटलास बाबा, आता तुझे रविवार मोकळे.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. छान झालंय.

बुधवारी पोलिसांनी अनुपच्या खोलीचं दार तोडलं. त्याने स्वतःला संपवलं होतं. चिठ्ठी नव्हती.

त्याची बहीण अक्षया नागपूरहून आली. गिरीशकडे येऊन तिने चित्र पाहिलं. मग म्हणाली, "त्याची नोकरी मार्चमध्येच गेली होती, गिरीशदादा. घरीसुद्धा बोलला नाही."

तिने त्याच्या फोनमधलं कॅलेंडर उघडून गिरीशच्या हातात दिलं. सोमवार ते शनिवार कोरे. प्रत्येक रविवारी एकच ओळ : गिरीश, दोन ते तीन. गिरीश पुढचे महिने सरकवत गेला. त्या ओळी थेट डिसेंबरपर्यंत होत्या.

एप्रिलमधल्या पहिल्या रविवारी, खुर्ची मांडताना, गिरीश म्हणाला होता की दोन बैठकांत काम होऊन जाईल.