पेपरच्या मागे

हेंद्रेपाड्यातल्या क्लासमध्ये प्रमोद सरांनी नववीचे विज्ञानाचे पेपर परत दिले. "गच्चीवरची टाकी एकच, मग तळमजल्यावर पाणी धो धो आणि चौथ्यावर बारीक का?" या प्रश्नाला सगळ्यांनी दाबाची व्याख्या उतरवली होती. सर चिडले नाहीत. म्हणाले, "पेपरच्या मागे लिहा, या धड्याचा अभ्यास कसा केलात?" पोरांनी लिहिलं: "पाच वेळा वाचला." "पाठ होईस्तोवर वाचला." सरांना हसू आवरेना. "अरे, नुसतं वाचून डोक्यात शिरतं का?" शेवटच्या बाकावरच्या प्रीतीने वहीचं कोरं पान फाडून त्यांच्यापुढे ठेवलं. "सर, तुमचं पण लिहा ना. तुम्ही कसा शिकवला?" सरांनी हसत हसत लिहिलं, "तीन वेळा वाचून दाखवला." लिहिलेलं वाचताना हसू ओसरलं. पान घडी करून त्यांनी खिशात घातलं. "पुस्तकं मिटा. चला, गच्चीवर जाऊ."