मुलगी आणि नारळ

मंगल कार्यालयाच्या टेबलावर सरकारी घंटा होती. छुप्या शुल्कांविरुद्धचा कायदा आल्यापासून बोलणाऱ्याने काही हातचं राखलं, की आवाजातला कंप ओळखून ती वाजायची. त्यामुळे मॅनेजर गुरवांनी वीज, जनरेटर, झाडलोट सगळं धरून एकच भाडं सांगितलं. घंटा गप्प राहिली. धाकट्या मुलीच्या, मुक्ताच्या लग्नासाठी आलेल्या अनघाताईंना हायसं वाटलं. थोरलीच्या वेळी असल्याच 'वरच्या' खर्चांनी त्यांच्या नाकी नऊ आणले होते.

मानपानाचं विचारायचं तेवढं राहिलं होतं. त्यांनी शेजारी बसलेल्या विहीणबाईंकडे भीत भीतच विषय काढला.

"छे हो, आम्हाला काही नको," विहीणबाई म्हणाल्या. "मुलगी आणि नारळ द्या, झालं."

घंटा खणखणली.

अनघाताई मनातल्या मनात सोन्याचा भाव आठवू लागल्या. गुरव उगीचच छताकडे बघू लागले. विहीणबाई पदराशी चाळा करत राहिल्या.

"एकच आहे," त्या शेवटी पुटपुटल्या. "तुमची मुक्ता गाडी छान चालवते. तिनं मला शिकवावी. घरात बोलले तर सगळे हसतील."

घंटा गप्प. अनघाताईंचा जीव भांड्यात पडला.

"अहो, शिकवेल की! पोरगी आता तुमचीच. सणावाराला नाही धाडलीत, तरी आमचं काही म्हणणं नाही."

वाक्य पुरं व्हायच्या आत घंटा खणखणली.

विहीणबाईंनी हळूच त्यांचा हात धरला.

"दिवाळीला मी स्वतः गाडी चालवत तिला आणून सोडीन."

दोघींनी घंटेकडे पाहिलं. घंटा गप्प होती.